हाडंच जड!

प्रत्येक घराण्यात एक थोरले अण्णा असतात. लग्नात दोन खुर्च्या अडवून बसतात, तिसरी जिलबी पानात पडताना "पुरे, पुरे" म्हणत हात मात्र आडवा घालत नाहीत, आणि वजनाचा विषय निघाला की म्हणतात, "खाणं कुठे हो? हाडंच जड आमची!"

पेंग्विनांच्या घराण्यातले अण्णा म्हणजे कुमिमानू फॉर्डायसी. मुक्काम न्यूझीलंड, उत्तर ओटागोचा किनारा. काळ सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. वजन दीडशे किलोच्या घरात! आजच्या पेंग्विनांत सगळ्यात थोराड तो एम्परर. तोही साधारण चाळीस किलोंवर थांबतो. अण्णांपुढे पोरच.

पण अण्णांची सबब अगदी खरी. उडणाऱ्या पक्ष्यांची हाडं पोकळ, पेंग्विनांची भरीव. बुडी मारायची तर अंगात वजन हवंच ना! पूर्वज उडायचे, पुढे मासळीची चटक लागली आणि "उडून कुणाचं भलं झालंय?" म्हणत मंडळी पाण्यातच रमली. तरी अण्णांच्या पंखांच्या हाडांवर उडत्या पूर्वजांच्या खुणा आहेत. "आम्हीही एके काळी..." याला पुरावा हवाच.

एवढं अंग पोसलं कसं? डायनासोर गेले, समुद्रातले अजस्र सरपटणारे प्राणीही गेले, सील आणि देवमासे यायचे होते. पंगतीला दुसरं कुणी नाही, मग काय! शिवाय मोठ्या अंगात ऊब टिकते, मोठी शिकार साधते. अण्णांकडे प्रत्येक घासाला कारण तयार.

अण्णांना काट्यावर उभं करणं कुठल्याच घरात कुणाला जमत नाही. हे पेंग्विनांतले अण्णा तर किनाऱ्यावरच्या धोंड्यांत दडून बसलेले. शेवटी शास्त्रज्ञांनी हाती लागलेली हाडं लेझरनं स्कॅन केली, आजच्या पेंग्विनांशी ताडून पाहिली आणि २०२३ साली वजन जाहीर करून टाकलं. पूर्ण सांगाडा नसताना!

पुढे कोट्यवधी वर्षांत सील, देवमासे आले, पंगतीत गर्दी झाली. थोराड पेंग्विन संपले, त्याचं हेही एक कारण असावं, असं अभ्यासक म्हणतात.

तेव्हा आपल्या अण्णांनी पुन्हा हाडांवर ढकललं तर एवढंच विचारा, "बुडी मारता का?" नाही म्हणाले, तर जिलबीचं ताट खुशाल शेजारच्या पानाकडे सरकवा. ती सबब फक्त पेंग्विनांनाच लागू आहे.