या आठवड्याचा वेताळ

इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. त्याबद्दलची माझी मतं बंद करा, असं मात्र मला अजून कुणी अधिकृतपणे कळवलेलं नाही. त्यामुळे ती चालू आहेत.

ऐंशीच्या दशकात ते साप्ताहिक झालं. म्हणजे मुंबई-पुण्यात झालं. आमच्या भोंगवलीत नवा अंक यायचा तो स्वारगेटच्या स्टँडवरून, गावाकडे निघालेल्या कुणाच्या तरी पिशवीतून, आणि वाटेत यष्टीतल्या सगळ्यांच्या हातून. महामार्ग सोडून गाडी आत वळेपर्यंत तो निम्म्या किकवीचा वाचून झालेला असे. आम्हाला मिळे तेव्हा मुखपृष्ठ असलं तर मधलं पान नसे. अशा वेळी मत द्यायला अंकाची वाट बघत कोण बसणार? पारावर खबर यायची, "ह्या बारीला मँड्रेक हाय," की आम्ही तिथल्या तिथे आठवडा वाया गेल्याचं जाहीर करायचो.

ह्या जादूगार मँड्रेकवर माझा राग जुना आहे. हा नुसता हात करणार आणि समोरच्याला पिस्तुलाच्या जागी साप दिसणार. ह्यात कष्ट काय? धरून आपटायचं काम त्याच्या साथीदाराकडे, लोथारकडे, कोट मात्र मँड्रेकचा, आणि तोही इस्त्री न मोडलेला. उन्हातान्हात ज्वारी काढणाऱ्या घरातल्या पोराला हे कसं पटावं?

बहादूर परवडायचा. तो १९७६ मध्ये आला. लिहिणारे आबिद सुरती, काढणारे गोविंद ब्राह्मणिया. बाप डाकू आणि पोरगा डाकूंच्या मागावर, म्हणजे भावकीचा मामला, त्यामुळे गावात सगळ्यांना तो लगेच समजला. भगवा कुर्ता आणि खाली जीन्स हा वेश आमच्यातल्या एकाने जत्रेत करून पाहिला होता. त्याच्या वडिलांनी पुढचा भाग तिथेच आटोपला. अडचण होती ती त्याच्या सोबतिणीची, बेलाची. थोरल्या आत्याने एक अंक उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "ही पोरगी रातचं त्याच्यासंगं रानात फिरती, तिच्या घरचे कुठायत?" आबिद सुरतींकडे ह्याचं उत्तर असेलही. आमच्याकडे नव्हतं.

आणि वेताळ. इथे मी निःपक्षपाती नाही आणि व्हायची इच्छाही नाही. ली फॉक नावाच्या अमेरिकन माणसाने तो १९३६ मध्ये वर्तमानपत्रासाठी काढला. इंद्रजालवाल्यांनी त्याचं बेंगाली जंगल बदलून डेंकाली केलं, नाहीतर लोक त्याला कलकत्त्याच्या आसपास शोधत बसले असते. बाप गेला की मुलाने तोच मुखवटा चढवायचा, जग समजतं मरतच नाही, असे एकवीस वेताळ झाले. थोडक्यात हे वतन आहे. आपल्या राज्यात पाटीलकीची वतनं १९६३ च्या पहिल्या तारखेला खालसा झाली आणि पुढच्याच वर्षी हा एकविसावा वतनदार कवटीची अंगठी घालून हजर! गावातल्या म्हाताऱ्यांना त्याच्याबद्दल जो जिव्हाळा वाटायचा, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

दुसरं मूळ चड्डीत. वेताळाची चड्डी पट्ट्यापट्ट्यांची. मोटेपासून मळणीपर्यंत आमच्या नानांची सगळी हयात तसल्याच नाडीच्या चड्डीत गेली. फरक इतकाच, की नाना ती धोतराच्या आत घालत.

आजीची शंका शास्त्रोक्त होती. "वेताळाला शेंदूर लागतो रं. ह्याला जांभळं कुणी फासलं?" मी म्हटलं, तो गुहेत राहतो, दाराला कवटीचा आकार आहे, चोरांच्या जबड्यावर कवटी उमटवतो. "आन् अवसेला?" अवसेलाही तिथेच असतो म्हटल्यावर ती म्हणाली, "मग खरा आसंल." एवढं नेमकं परीक्षण पुढे मी कुठे वाचलं नाही.

पुतण्या पुण्यात असतो. तो अमेरिकन कॉमिक्स टॅबवर वाचतो. तिकडे नव्या अंकांचा वार बुधवार; डीसीवाल्यांनी २०२० मध्ये मंगळवार करून पाहिला आणि २०२४ मध्ये मुकाट्याने बुधवारावर परतले. स्पायडरमॅन १९६२ पासून चालू असूनही त्याचा पहिला अंक दर काही वर्षांनी नव्याने निघतो, हे त्याने मला अभिमानाने सांगितलं. मी म्हटलं, आमचा एकविसावा होता तो शेवटपर्यंत एकविसावाच होता.

त्याची खोड मोडावी म्हणून ट्रंकेतला एक अंक काढून दिला. त्याने ओसरीवर तो सबंध वाचला आणि विचारलं, "काका, दुसरा भाग?"

दुसरा भाग गावात आलाच नाही. वेताळाला समुद्रात टाकून पहिला भाग संपतो. तो डॉल्फिनच्या पाठीवरून किनाऱ्याला लागला असं माझं म्हणणं; डॉल्फिनच्या जोडीशी त्याची ओळख आहे, हे कुणीही सांगेल. चुलतभाऊ म्हणतो पोहत गेला, कारण आमच्या इथले नीरेच्या पुरात पोहतात तर हा तर वेताळ. ह्या मुद्द्यावर आम्ही एका दिवाळीत बोलणं सोडलं होतं आणि एका लग्नात ते पुन्हा सुरू केलं, तेही ह्याच मुद्द्यावर.

"नेटवर सापडेल की," म्हणत पुतण्याने मोबाइल काढला.

"ठेव तो खाली," आम्ही दोघे एकदम ओरडलो.