भासाची पूर्वसूचना

व्यसन आणि त्यातून होणारे भास हा विषय अतिवास्तववादी पद्धतीने मांडणारा चित्रपट पुण्यात दाखवला गेला, की तो संपल्यावर होणाऱ्या चर्चेचा रोख चित्रपट चांगला की वाईट याकडे क्वचितच असतो. नायकाची नशा नेमकी कोणत्या दृश्यापासून धरायची, हा खरा वादाचा मुद्दा असतो. अतिवास्तववाद म्हणजे स्वप्नातल्या असंबद्धतेला जागेपणीच्या तर्काहून अधिक खरे मानणारी कलाचळवळ. आंद्रे ब्रेताँ याने १९२४ साली पॅरिसमध्ये तिचा जाहीरनामा काढला आणि लुईस बुन्युएल व साल्वादोर दाली यांनी १९२९ च्या आपल्या छोट्याशा मूकपटात, तर्काने उलगडेल असे काहीही ठेवायचे नाही असा नियमच करून घेतला. पुणेकर प्रेक्षकाची या नियमाला तत्त्वतः हरकत नसते. तो कोणत्या कलमाखाली केला आहे, एवढे मात्र त्याला तिकीट काढण्यापूर्वी समजायला हवे असते.

भारतीय प्रेक्षकाच्या वाट्याला आलेला या जातीचा ठळक नमुना म्हणजे अनुराग कश्यप यांचा ‘नो स्मोकिंग’. स्टीफन किंगच्या एका कथेवरून सुचलेल्या या हिंदी चित्रपटात ‘के’ एवढ्याच नावाचा एक श्रीमंत, उर्मट गृहस्थ अखंड सिगारेट ओढत असतो, आणि संसार मोडण्याची वेळ आल्यावर तो एका बाबाच्या भूमिगत ‘प्रयोगशाळे’त जाऊन पोहोचतो, जिथे धूम्रपान सोडण्याचा करार एकदा केला की तो मोडणाऱ्याच्या बोटांवर आणि नातेवाइकांवर त्याची वसुली होते. मध्येच बर्फाळ सैबेरिया येतो, मध्येच स्नानाचा टब येतो, आणि यांतले स्वप्न कोणते व संकट कोणते हे सांगण्याची जबाबदारी दिग्दर्शक घेत नाही. हा चित्रपट २६ ऑक्टोबर २००७ रोजी प्रदर्शित झाला आणि ‘जब वी मेट’ही नेमका त्याच दिवशी आला. एकाचे तिकीट संपले म्हणून शेजारच्या पडद्याकडे वळलेल्या कुटुंबांची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना करणे कठीण नाही: रतलामला गाडी चुकलेली नायिका पाहण्यासाठी निघालेली मंडळी पॉपकॉर्नसह सैबेरियात उतरली असणार. चित्रपट साफ पडला, याचे म्हणूनच आश्चर्य वाटत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पुणेकराला पडद्यावरचे अशक्य सहन होत नाही असे म्हणावे, तर इतिहास वेगळेच सांगतो. कोल्हापूरहून १९३३ साली पुण्यात आलेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली ‘संत तुकाराम’ काढला. त्यात विठ्ठलाच्या मूर्तीतून एकामागून एक शिवाजी बाहेर पडतात आणि शेवटी तुकोबा विमानातून सदेह वैकुंठाला जातात, पण त्या वेळी कोणी उठून विमानाचा अर्थ विचारल्याचे ऐकिवात नाही. त्याच प्रभातच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पुढे बुन्युएल शिकवला जाऊ लागला, म्हणजे ज्या जमिनीवरून एकदा विमान सुटले होते तिथेच विमान का सुटते यावर निबंध लिहिले जाऊ लागले.

रंगभूमीवरचा दाखला तर याहून बोलका आहे. सतीश आळेकरांचे ‘बेगम बर्वे’ हे नाटक थिएटर अकादमीने १९७९ साली रंगमंचावर आणले. त्यात संगीत नाटकात कधीकाळी स्त्रीभूमिका केलेला, उदबत्त्या विकणारा बर्वे आणि एका कचेरीतले दोन कारकून यांचे मनोराज्य एकमेकांत इतके मिसळते, की त्यातल्या जावडेकराला बर्वेच्या ठिकाणी कचेरीतल्या नलावडेबाई दिसू लागतात आणि प्रकरण डोहाळ्यांपर्यंत जाते. कोणत्याही अमली पदार्थाशिवाय झालेला हा सामुदायिक भास पुण्याने पचवला, आणि त्याचे श्रेय लेखकाच्या प्रतिभेइतकेच मधूनमधून येणाऱ्या नाट्यपदांनाही द्यावे लागेल, कारण ओळखीची चाल कानावर पडली की पुणेकर प्रेक्षक तर्काची छत्री मिटून बाजूला ठेवतो. भक्ती असो वा नाट्यसंगीत, भासाला कोणाचे तरी शिफारसपत्र असले की पुरे. के या गृहस्थाकडे असे पत्र नव्हते.

व्यसनाच्या बाबतीत तर प्रेक्षकाच्या अपेक्षा शंभर वर्षांपूर्वीच ठरून गेल्या आहेत. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी घरात व्यसनाची गोष्ट म्हटली की तिच्यात एक बुद्धिमान सुधाकर, सोसणारी सिंधू आणि उतरती भाजणी असलीच पाहिजे असा संकेत रूढ झाला. गंमत अशी, की दारूच्या निषेधासाठी लिहिलेल्या या नाटकात आर्यमदिरामंडळ चालवणारा तळीराम प्रेक्षकांना इतका आवडला, की हंशा त्याने घेतला आणि सिंधूच्या पदरात फक्त अश्रू पडले. अतिवास्तववादी चित्रपटात सिंधू नसते आणि तळीरामही नसतो, त्यामुळे कोणासाठी रडावे आणि कोणावर हसावे हे न ठरल्याने प्रेक्षक मध्यंतरात वडा खाऊन वेळ मारून नेतो.

तथापि पुण्यातला सर्वांत बिकट प्रेक्षक म्हणजे ज्याला विषयाची खरोखर माहिती असते तो. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, १९८६ साली येरवड्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, आणि अनिल अवचटांच्या ‘गर्द’ या पुस्तकामुळे अनेक मध्यमवर्गीय वाचकांना ‘टर्की’ म्हणजे नशा न मिळाल्यावर शरीराची होणारी तडफड हे आयुष्यात एकदाही ब्राऊन शुगर न पाहता ठाऊक झाले. असा वाचक चित्रपटगृहात गेला, की तो दृश्याऐवजी निदान पाहू लागतो. समोर वस्तूच नसताना ती दिसणे किंवा ऐकू येणे याला निर्वस्तुभ्रम म्हणतात. वेदान्तातल्या प्रसिद्ध सर्पामागे निदान दोरी तरी होती, येथे तीही नसते. आता हे भास एल.एस.डी.सारख्या पदार्थांनी होतात, आणि दारू अचानक थांबवल्यावर दोन-तीन दिवसांनीही भयंकर स्वरूपात होऊ शकतात. गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगर या भेसळयुक्त हेरॉईनच्या, टर्कीत मात्र नाक वाहते, अंग मोडून येते, जुलाब होतात, आणि यांपैकी एकाही गोष्टीला छायालेखक फारसा उत्सुक नसतो. म्हणून डॅनी बॉईलच्या ‘ट्रेनस्पॉटिंग’मध्ये हेरॉईन सोडणाऱ्या नायकाला छतावरून रांगत येणारे मूल दिसू लागले, की हा जाणकार प्रेक्षक शेजाऱ्याला हळूच सांगतो, की याने घेतले एक आणि याला चढले दुसरेच. शेजाऱ्याचा रसभंग होतो, पण आक्षेप बिनतोड असतो. सिगारेटने तर भास होतच नाहीत, त्यामुळे के याच्या बाबतीत हा प्रेक्षक केवळ केस बंद करून घरी जातो.

त्याच्या विरुद्ध टोकाला चित्रपट रसास्वादाचे शिबिर केलेला प्रेक्षक असतो. जानेवारीत पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या रांगेत गळ्यात ओळखपत्र अडकवून उभ्या असलेल्या या प्रेक्षकाला न कळणे हा दोष वाटत नाही, ती त्याला दिग्दर्शकाची उंची वाटते. आणि प्रयोगशाळेचा बाबा म्हणजे सत्ता, करार म्हणजे समाज, तुटलेले बोट म्हणजे स्वातंत्र्य असे सर्व भाग जोडून तो अमृततुल्यच्या बाकावर चित्रपट पुन्हा उभा करतो, तेव्हा तो मूळ चित्रपटाइतका भासमय राहत नाही आणि म्हणून काहीसा कंटाळवाणाही होतो. तरी त्याच्याशी वाद घालू नये, कारण तो चित्रपट दुसऱ्यांदा पाहायला सांगतो.

नशा कुठून धरायची हा मूळ प्रश्न अखेर शासनाने सोडवला. २ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार, पडद्यावर तंबाखूचे सेवन सुरू होताच खाली ठळक इशारा झळकावा लागतो, शिवाय आरंभी आणि मध्यंतरानंतर आरोग्यविषयक फिती दाखवाव्या लागतात; या इशाऱ्याला वैतागून वुडी ॲलन याने २०१३ साली आपला ‘ब्लू जॅस्मिन’ भारतात प्रदर्शितच होऊ दिला नाही. पुणेकर प्रेक्षकाला मात्र ही पट्टी सोयीची वाटते, कारण गोंधळात टाकणाऱ्या दोन तासांत निःसंदिग्ध अर्थ असलेले तेवढे एकच वाक्य असते. अडचण एवढीच, की या नियमाचा विषय तंबाखू हाच आहे. त्यामुळे नायक दंडात सुई टोचून घेतो, जमीन वितळते, भिंतीतून हात बाहेर येतात, तोवर पडद्याचा तळ रिकामा राहतो, आणि हे सगळे आटोपून, शुद्धीवर येऊन, तो खिडकीशी निवांत एक सिगारेट पेटवतो तेव्हा पट्टी उमटते आणि प्रेक्षकांतले निम्मे जण नशा आता सुरू झाली असे समजून सावरून बसतात.