साइकल जान्छ!

सायकलची डोंगरवाट मार्गदर्शक पुस्तकात घालायची, तर आधी कोणाला तरी ती वाईट चालवावी लागते. उत्तम चालवणारा या कामाचा नाही. तो उताराला लागला की एकदम तळाशीच थांबतो, आणि मधे फाटे किती लागले असं विचारलं तर नुसता हसतो. इथे हवा फाट्याफाट्याला ब्रेक दाबणारा, वहीत टिपण करणारा, फोटो काढणारा आणि पुन्हा पेडलवर पाय ठेवतो न ठेवतो तोच पुढच्या फाट्यासाठी उतरणारा माणूस. लाटणाऱ्याच्या पानात गरम पोळी पडत नाही, तशातली गत.

माझी नेमणूक मात्र सायकलीवर नाही, देवनागरीवर झाली. नेपाळच्या मुस्तांग जिल्ह्यातल्या माउंटन बाइकच्या वाटांचं पुस्तक एक जर्मन साहेब करत होते. मी पाट्या धडाधड वाचतो हे पाहून मला नेपाळी येतं, असं त्यांनी ठरवून टाकलं. मुस्तांग फुकटात बघायला मिळत असताना माणसाचा गैरसमज कशाला दूर करा!

पोखराहून जीपच्या टपावर सायकली बांधून जोमसोमला निघालो. एका अंगाला ८,१६७ मीटरचा धौलागिरी, दुसऱ्या अंगाला ८,०९१ मीटरची अन्नपूर्णा आणि मधून काली गंडकी. दरी जिथे चिंचोळी होते, तिथे उपग्रहाचा संदेश कड्यांवर आपटून साहेबांच्या जीपीएस यंत्रात येतो. आम्ही चहाच्या दुकानात बसलेलो आणि साहेबांच्या पडद्यावर भर नदीत. वेळेचंही तेच. यंत्र नेपाळच्या वेळेवर, माझं मनगट पुण्याच्या. दोघांत पंधरा मिनिटांचा फरक. एका टप्प्याची नोंद अशी झाली की आम्ही ९.१० ला निघालो आणि ९.०५ ला पोचलो. साहेबांनी ती दोनदा वाचली आणि माझ्याकडे आदराने पाहिलं.

खरी गंमत वाट विचारण्यात. मी पाठ केलेलं वाक्य एकच : "साइकल जान्छ?" उत्तरही एकच : "जान्छ!" दगडी पायऱ्या चढायच्या असोत, दरड कोसळून अर्धी वाट गेलेली असो, ओढ्यावर दोन ओंडके टाकलेले असोत, सायकल सगळीकडे जात होती. साहेब वहीत 'चालवण्याजोगी' असं लिहीत आणि पुढच्या वळणावर सायकल खांद्यावर घेत. असेच एकदा धापा टाकत चढत असताना मागून एक गृहस्थ आले. कपाळाला नाम्लो, म्हणजे ओझ्याचा पट्टा, आणि त्यावर पाठीशी तोललेलं लोखंडी कपाट. आरशासकट. आरशात आमचे चेहरे दाखवत ते पुढे निघून गेले. ज्या गावात कपाट जातं तिथे सायकल का नाही जाणार? या वाटांनी पिढ्यान्‌पिढ्या तिबेटचं मीठ खाली आलं आणि खालचं धान्य वर गेलं. चाकाचा विचार करायला कुणाला सवड होती?

मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटरवर आहे. तिथल्या हवेत ऑक्सिजन पुण्यापेक्षा बराच कमी, पण मराठी भरपूर. देवळामागच्या १०८ धारांखाली डोकं घालून कुडकुडत उतरलेल्या एका यात्रा कंपनीतल्या काकूंनी मला हेरलं.

"अहो, मराठी ना तुम्ही? जीप येते की इथवर. सायकल कशाला आणलीत?"

"वाटांचे नकाशे करतोय, काकू. पुस्तकासाठी."

"पगार देतात?"

"जेवण देतात."

काकूंनी पिशवीतून शेंगदाण्याचे दोन लाडू काढून माझ्या हातावर ठेवले. "घरी सांगून आलायत ना?"

मुक्तिनाथहून डोंगराची धार ओलांडली की लुप्राचा उतार. यासाठी लोक युरोपातून सायकली विमानात घालून आणतात. राखाडी मातीच्या घसाऱ्यावरून वीतभर वाट नागमोडी खाली जाते, आणि बाजूला दरी. आमच्याबरोबरचा वाटाड्या पोरगा गाणं म्हणत उतरला. साहेब टिपणं घेत उतरले. मी चालत उतरलो. अंतर मोजायचं तर पाऊल बरं. खाली पोचल्यावर वाट किती अवघड, या दर्जावरून वाद. जर्मन पट्टीत 'एस शून्य' ते 'एस पाच' अशा पायऱ्या. उंच टप्पे नि अरुंद वळणं आली की 'एस तीन'. वाटाड्या म्हणाला दोन, साहेब म्हणाले तीन. पट्टीत खेचरांसाठी रकाना नाही. समोरून घंटा वाजवत बारा खेचरं येतात तेव्हा वाट शून्याची असली तरी पाचाची होते.

लुप्रात तर पट्टी अगदीच थकली. बौद्धांच्या गावात मंत्र कोरलेल्या दगडांची मणी भिंत उजव्या हाताला ठेवून जायचं. साहेबांनी हा नियम प्रस्तावनेत ठळक घातला होता आणि स्वतः काटेकोर पाळत होते. लुप्राच्या भिंतीशीही ते त्याच बाजूने निघाले. छान, मऊ, सपाट वाट. डोको, म्हणजे वेताची टोपली, पाठीला लावलेली एक आजी मधे उभी राहिली आणि हाताने पलीकडची बाजू दाखवू लागली. लुप्रा हे बोन धर्माचं गाव, आणि बोनपा उलटी प्रदक्षिणा घालतात. भिंत डाव्या हाताला हवी. पलीकडे नुसते धोंडे आणि गुडघाभर पायऱ्या. साहेबांनी सायकल मागे घेतली, आजीला वाकून नमस्कार केला, पलीकडून धडपडत गेले आणि वही काढली. "बौद्धांसाठी एस एक," त्यांनी मला लिहायला सांगितलं, "बोनसाठी एस तीन." आजी ते संपेपर्यंत हलली नाही.

तिथून पांडा खोला या ओढ्याच्या पात्रातून काली गंडकी गाठायची. पात्रात वाट अशी नाहीच; पावसाळा आला की ओढा तिची जागा बदलतो. साहेबांनी तुटक रेघ मारली, खोडली, पुन्हा मारली. या घोळात अकरा वाजून गेले आणि वारं सुटलं. दिवस तापला की तिबेटच्या पठारावरची हवा वर चढते आणि तिची जागा भरायला खालची हवा या दरीतून उत्तरेकडे धावते. आम्हाला जायचं होतं दक्षिणेला, जोमसोमला. उतारावर उभं राहून पेडल मारलं तरी सायकल जागची हलेना. दातांत वाळू कचकचत होती.

साहेबांना मात्र रकाना भरायचा होता. वही छातीशी धरून ते वाटाड्याच्या कानात ओरडले, "इथून जोमसोम किती वेळ?"

"सकाळी अर्धा तास."

"आणि आत्ता?"

"आत्ता जीप."