जिंकलेलं परत करताना

दुकानातून आणलेला मिक्सर दुसऱ्या दिवशी बंद पडला, तर माणूस तडक दुकान गाठतो आणि आवाज चढवतो. ऑनलाइन लिलावात मिळवलेली वस्तू बंद पडली, तर तोच माणूस आधी घरात कोणाला कळू देत नाही. याला कारण त्या साइटवरून येणारा एका ओळीचा निरोप. लिलाव संपला की ‘आपण ही वस्तू विकत घेतली आहे’ असं कोणी कळवत नाही. ‘अभिनंदन, तुम्ही जिंकलात’ असं कळवतात. शाळेतल्या लिंबू-चमच्यानंतर ज्याला कोणी जिंकलेला म्हटलेलं नाही, अशा गृहस्थाला पन्नाशी उलटल्यावर हे वाचायला मिळतं. विकत घेतलेला माल परत करायला काहीच वाटत नाही. पण जिंकलेली ढाल परत द्यायला कुठल्या तोंडानं जायचं?

खरं तर त्या जिंकण्यातही फारसं काही नसतं. पंचवीस माणसं एका वस्तूची किंमत आपापल्या अंदाजानं ठरवतात आणि ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त फुगलेला, त्याच्या गळ्यात ती पडते. हा माझा शोध नव्हे. मेक्सिकोच्या आखातात तेलाच्या पट्ट्यांचे लिलाव होत, त्यांचा हिशेब मांडून तीन अमेरिकी अभियंत्यांनी १९७१ साली हे लिहून ठेवलं. अर्थशास्त्रज्ञ त्याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. आमचे मेहुणे इंग्लंडात असतात. ते तेलाच्या पट्ट्या घेत नाहीत, जुनी घड्याळं घेतात; पण शाप लहानमोठं बघत नाही.

त्यांनी जिंकलं ते शेल्फावर ठेवायचं, चावीचं, लाकडी घड्याळ. मधे फुगीर आणि दोन्ही अंगांना उतरत गेलेलं. तिकडे या घाटाला नेपोलियनची टोपी म्हणतात. तबकडीवर चावीची तीन भोकं: एक चालण्यासाठी, एक तासाच्या टोल्यांसाठी आणि एक दर पाव तासाला वाजणाऱ्या वेस्टमिन्स्टरच्या धुनीसाठी. मेहुण्यांची बोली लावायची एक पद्धत आहे. आठवडाभर नुसतं बघत राहायचं, कोणाला सुगावा लागू द्यायचा नाही आणि शेवटच्या दहा सेकंदांत घाव घालायचा. त्या रात्री ते ‘घेतलं!’ असं एवढ्या मोठ्यानं ओरडले की कोणाची तरी विकेट पडली असं वहिनींना वाटलं. घड्याळ ४१ पौंडांना मिळालं.

खोकं आलं ते खडखडतच. मागचं दार उघडून टॉर्च मारला तर लंबक तळाशी आडवा झालेला. हा लंबक एका पोलादी पट्टीला टांगलेला असतो. पट्टी कसली, पत्र्याचा पापुद्राच. बोटांत धरली तरी वाकेल. लंबक काढून वेगळा गुंडाळल्याशिवाय असलं घड्याळ पाठवू नये, हे घड्याळजींना ठाऊक असतं. नाहीतर वाटेत तो हेलकावे खातो आणि पट्टी मोडते. विकणाऱ्या आजोबांनी घड्याळाला चार पदरी कागद गुंडाळला होता, वर ‘नाजूक’ अशी लाल चिठ्ठी डकवली होती, फक्त लंबक काढायचा राहिला होता.

मग पत्रव्यवहार. इंग्लंडात तक्रारीची सुरुवात माफीनं करतात. मेहुणे इतकी वर्षं तिथं राहून तेही शिकलेत. आपल्याला तसदी देताना फार संकोच वाटतो, घड्याळ सुंदर आहे, फक्त ते चालत नाही, असं त्यांनी लिहिलं. आजोबांचं उत्तर आलं की ऐकून अतिशय वाईट वाटलं, पण माझ्या घरून निघताना ते टिकटिक करत होतं. मेहुण्यांनी कळवलं की माझ्या घरी पोचल्यावर करत नाही. दोघंही खरं बोलत होते. खरं बोलणाऱ्या दोन माणसांचं भांडण मिटवणं महाकठीण. एक जण खोटारडा असला की काम किती सोपं होतं!

अशा वेळी दोन्ही बाजू वर्णनाकडे धाव घेतात, कारण पैसे परत मिळणार की नाही हे वस्तूवर कमी आणि तिच्या वर्णनावर जास्त ठरतं. तिथल्या कायद्यात विकणारा व्यापारी असला तर सदोष माल तीस दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. विकणारा तुमच्याआमच्यासारखा घरगुती माणूस असला तर त्याच्यावर बंधन मुख्यतः एवढंच की वस्तू सांगितली तशी असावी. म्हणून जाणकार विक्रेता जपून लिहितो. ‘वयाच्या मानानं उत्तम.’ ‘सर्व्हिसिंग करून घेतल्यास बरं.’ ‘फोटो हाच वर्णनाचा भाग समजावा.’ पूर्वी स्थळांची पत्रं ज्यांनी वाचली आहेत त्यांना या भाषेची सवय असते. ‘घरकामाची आवड’ याचा अर्थ काय लावायचा हे तेव्हाही वाचणाऱ्यावरच सोडलेलं असे. यातलं माझं सगळ्यांत आवडतं वाक्य म्हणजे ‘चालतं की नाही ते तपासलेलं नाही’. सेल घालून बटण दाबायला असा कितीसा वेळ लागतो? ज्यानं वस्तू पुसून, चारी बाजूंनी तिचे फोटो काढून, मापं घेऊन लिहिली, त्यानं बटण तेवढं दाबून पाहिलं नाही, यावर विश्वास ठेवायला मन फार मोठं लागतं.

आमच्या मुंबईचं नावही या बाबतीत जगभर पोचलेलं आहे. जुन्या घड्याळांचे शौकीन ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात ते खाण्याचं काही नसतं. जुनं स्विस किंवा एचएमटीचं घड्याळ, तबकडी नव्यानं रंगवलेली, काटे एकाचे, केस दुसऱ्याची, आतलं यंत्र तिसऱ्याचं. असं घड्याळ स्वस्तात लिलावाला येतं आणि कुठल्यातरी थंड देशातला माणूस जिंकतो. पुढं त्याच्या लक्षात येतं की अशा चकचकीत निळ्या तबकडीचं मॉडेल कंपनीनं कधी काढलंच नव्हतं. तो पैसे परत मागतो. विक्रेता विचारतो, चालतंय ना? चालतंय. वेळ बरोबर दाखवतंय? दाखवतंय. मग बिघाड कुठं आहे? त्या गिऱ्हाइकाचं बरोबर आहे, कारण त्यानं घड्याळ घेतलं नव्हतं, एक जुना काळ घेतला होता. पण बारीक कुंचल्यानं ते आकडे आणि रेघा काढणाऱ्याचा हात बघितला की मला उगीचच त्या हाताची बाजू घ्यावीशी वाटते. काही परदेशी शौकीन तर आता जाणूनबुजून अशीच घड्याळं जमवतात.

बोली लागल्यावर माल वर्णनाबरहुकूम नाही म्हणून वाजतं, हे काही इंटरनेटनं आणलेलं नाही. नाशिककडे कांद्याच्या लिलावात ट्रॉलीतला वरचा कांदा बघून बोली होते. ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामा होऊ लागला की खालून बारका, ओला, चिंगळी निघाली असं व्यापारी म्हणतो आणि वांधा काढतो. शेतकरी म्हणतो की कांदा वरून खालपर्यंत एकच आहे, बाजार उतरला म्हणून तुम्हाला तो ओला दिसायला लागला. मग बाजार समितीची माणसं येतात, मूठभर कांदे हातात घेतात आणि मधला भाव काढतात. ज्याचा भाव कापला गेला त्याला तो मधला वाटत नाही, ही गोष्ट वेगळी. तरी तिथं निदान तिघेही त्याच ढिगासमोर उभे असतात.

ऑनलाइनच्या लिलावात समितीला घड्याळ दिसत नाही, फोटो दिसतात. ईबेसारख्या मोठ्या साइटवर ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणून तक्रार टाकायला साधारण तीस दिवस असतात. विक्रेत्यानं ‘परत घेणार नाही’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असलं तरी त्या तक्रारीपुढं ते टिकत नाही, आणि माल परत पाठवायचा खर्चही त्याच्याच माथी येतो. पूर्वी तक्रार करायची लोकांना भीती वाटे, कारण घेणारा आणि विकणारा एकमेकांना शेरे देत. तुम्ही त्याला वाईट म्हटलं की संध्याकाळपर्यंत तुम्हीही वाईट. ईबेनं २००८ साली विक्रेत्यांचा वाईट शेरा देण्याचा अधिकार काढून घेतला. तेव्हापासून गिऱ्हाईक तिथं कायमचं सज्जन आहे.

वकिलांनी यात घातलेला घोळ मात्र बहारीचा आहे. जर्मनीत एकानं ईबेवर हिऱ्यांच्या ब्रेसलेटवर सुमारे अडीचशे युरोंची बोली लावली, जिंकला आणि मग नको म्हणाला. विक्रेता कोर्टात गेला. लांबून घेतलेला माल दोन आठवड्यांत परत करायची मुभा त्या देशात होती, पण ती लिलावाला लागू नव्हती. २००४ च्या नोव्हेंबरात तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं निकाल दिला की कायद्यातला लिलाव हा पुकारणाऱ्यानं बोली मान्य केली की पुरा होतो. इथं हातोडा पडलाच नाही, नुसती वेळ संपली, म्हणून हा कायद्याच्या अर्थानं लिलावच नव्हे. बोली लावणारा सुटला. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्यातही लिलाव पुरा होतो तो हातोडा पडल्यावर किंवा रिवाजाप्रमाणे पुकारल्यावर. त्या हिशेबानं पाहिलं तर जगभरात रात्ररात्र जागून जिंकलेल्या कित्येक मंडळींनी लिलावात भागच घेतलेला नाही. हे मी मेहुण्यांना फोनवर सांगितलं. त्यांना आवडलं नाही.

त्यांचे पैसे मात्र परत आले, तेही साइटला मधे न घालता. आजोबांनीच एके सकाळी कळवलं की रात्री झोप लागली नाही, घड्याळ परत पाठवा. वहिनींनी खोकं जपून ठेवलं होतं, कारण मेहुण्यांच्या जिंकण्याचा त्यांना पुरेसा अनुभव आहे. या खेपेला लंबक वेगळा गुंडाळून त्यावर तसं लिहिलं गेलं.

पुढच्या आठवड्यात तेच घड्याळ पुन्हा लिलावात. आजोबांनी आता काही हातचं राखलं नव्हतं: बिघडलेलं आहे, लंबकाची पट्टी मोडली आहे, दुरुस्तीसाठी किंवा सुट्या भागांसाठीच घ्यावं. मेहुणे चहा घेत सुखानं बघत बसले. पहिल्या दिवशी पाच पौंड, मग अकरा, मग सत्तावीस. मोडक्याला गिऱ्हाईक नसतं असं आपण धरून चालतो, पण ईबेचा आरंभच मोडक्या वस्तूनं झाला आहे. १९९५ साली पिअर ओमिद्यारनं कॅलिफोर्नियात ही लिलावाची साइट सुरू केली, तेव्हा तिथं विकली गेलेली पहिली वस्तू त्याचा स्वतःचाच बिघडलेला लेझर पॉइंटर होता. १४.८३ डॉलर आले. तो मोडका आहे हे ध्यानात आलंय ना, असं त्यानं घेणाऱ्याला मुद्दाम विचारलं. उत्तर आलं की मी मोडके लेझर पॉइंटरच जमवतो. दोष आधी सांगून टाकला की दुरुस्तीचा नाद असलेली मंडळी अशी कुठून कुठून गोळा होतात. लंबकाची पट्टी तर थोडक्या पैशात सुटी मिळते, हे त्यांना मेहुण्यांच्या आधी माहीत होतं.

लिलाव ५६ पौंडांना संपला. त्या रात्री मेहुण्यांचा फोन आला तो अगदी पडलेल्या आवाजात. तुमचे पैसे तर पै न पै परत मिळालेत, असं मी त्यांना सांगून पाहिलं.

“ते मिळाले हो,” ते म्हणाले, “पण पंधरा पौंडांना बसलो ना!”