बूट आधी, जॉइंट नंतर

कंपनीच्या जाहिरातीत आमची गाडी नदी ओलांडते, वाळूच्या टेकड्या चढते आणि कड्याच्या टोकाशी उभी राहून सूर्यास्त बघते. आमच्याकडे आल्यापासून ती सिंहगड रोडचे खड्डे ओलांडते आणि डोंगर आलाच तर कात्रजच्या बोगद्यातून जाते. दिसायला एसयूव्ही, पण इंजिनाचा जोर फक्त पुढच्या दोन चाकांना. हल्लीच्या बहुतेक छोट्या एसयूव्हींची हीच कथा असल्यामुळे मी ते मनाला लावून घेतलेलं नाही.

पुढच्या चाकांना मात्र एकाच वेळी तीन नोकऱ्या असतात: गाडी ओढायची, वळवायची आणि खड्ड्यात वर-खाली व्हायचं. अँबॅसिडर किंवा पद्मिनीला मागची चाकं ढकलायची, पुढच्यांनी नुसतं वळायचं. 1983 साली मारुती 800 आली आणि पुढून ओढली जाणारी गाडी मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. तिच्याबरोबर आला इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा, दांड्याच्या दोन्ही टोकांना जॉइंट आणि जॉइंटवर चुण्याचुण्यांचं रबरी आवरण. गॅरेजमध्ये याला बूट म्हणतात. ग्रीस आत ठेवायचं आणि धूळपाणी बाहेर, एवढंच त्याचं काम. फाटेपर्यंत त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

आमचा बूट फाटल्याची बातमी गाडी पुसणाऱ्या मुलाने आणली. निदान म्हणून नव्हे, तक्रार म्हणून. "सर, पुढच्या उजव्या चाकाला आतून रोज काळं लागतंय. पुढच्या महिन्यापासून पैसे वाढवून द्या." मी वाकून पाहिलं. रिमच्या आतल्या अंगाला ग्रीसचा गोल फवारा उडाला होता.

"याला लोक अपकेंद्री बल म्हणतात," मी त्याला सांगितलं, "पण खरं तर हे ग्रीसचं जडत्व आहे."

"कशाचं का असेना, निघत नाही," तो म्हणाला.

स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी वळवली की चाकातून कट-कट-कट असा आवाजही येत होता. तो बुटाचा असेल, असं मी परस्पर ठरवून टाकलं. रबर असा आवाज करू शकत नाही, हे विद्यार्थ्यांनी विचारलं असतं तर मी नक्की सांगितलं असतं.

गॅरेजवाल्याने हिशोब दिला: बूट साडेसहाशे, मजुरी चौदाशे. साडेसहाशेचं रबर चढवायला चौदाशे? मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. वर्षानुवर्षं फळ्यावर टॉर्क काढतोय. नाना पेठेत जाऊन बूट, ग्रीसची पुडी आणि दोन क्लिपा घेतल्या. मग पाने, सॉकेट, सर्कलिपची पक्कड आणि जॅकस्टँड घेतले. मजुरीचे चौदाशे वाचवायला किती लागले, ते घरात अजून जाहीर झालेलं नाही.

काम सुरू करण्याआधी मी जॉइंटचा अभ्यास केला. सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकच्या नावाचा जोड दांडा वाकवून फिरवू देतो, पण दर फेऱ्यात दुसऱ्या टोकाचा वेग दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. चाकाला असा जोड लावला, तर वळताना गाडी उचक्या देईल. 1920 च्या दशकात फोर्डमधल्या अल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने यावर तोड काढली. एका वाटीत सहा पोलादी गोळ्या अशा धरल्या की दोन दांड्यांमध्ये जो कोन होईल, त्याला बरोबर दुभागणाऱ्या प्रतलातच त्या राहतील. मग चाक कितीही वळो, वेग दोन्हीकडे सारखा. हे सगळं मी बायकोला रविवारी सकाळी पोह्यांबरोबर समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पण ते चाक आधी निघेल ना?"

चाक निघालं. मग मधला नट. तो घट्ट करायला आमच्या गाडीला अडीचशे न्यूटन-मीटर लागतात. म्हणजे मीटरभर लांब पान्याच्या टोकाला पंचवीस किलो. माझा पाना फूटभर, म्हणजे ऐंशी किलोंच्या वर. माझं वजन अडुसष्ट. मी पान्यावर उभा राहिलो तेव्हा जॅकवर उचललेलं हब आनंदाने फिरलं आणि मी खाली आलो. म्हणून बायकोला आत बसवून ब्रेक दाबायला लावला.

"दाबलास का?"

"दाबलाय."

"अजून दाब."

"अहो, यापेक्षा जास्त दाबायला मला खाली उतरावं लागेल!"

शेवटी वॉचमनने पाण्याच्या टाकीजवळचा लोखंडी पाइप आणला, पान्यावर चढवला आणि नुसता रेलला. करकच्. फळ्यावर मी बलाची भुजा नेहमी मोठी काढतो. ती आणायला वॉचमनकडे जायचं असतं, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

दांडा बाहेरच्या टोकाने हबमधून सोडवायचा असतो. मी तो मन लावून ओढला, तेव्हा त्याचं आतलं टोकही गिअरबॉक्समधून निघून आलं आणि त्यामागोमाग गिअर ऑइल. फरशांवरून ते अत्यंत संथपणे सेक्रेटरींच्या गाडीकडे निघालं. संध्याकाळपर्यंत लिफ्टपाशी नोटीस लागली: "पार्किंगमध्ये गाड्या लावाव्यात. उघडू नयेत."

मी मात्र जॉइंट उघडण्यात दंग होतो. जॉइंट अडवून धरणारी सर्कलिप सुटली, वाटी हातात आली आणि आत झेप्पाची सगळी बुद्धिमत्ता काळ्या ग्रीसमध्ये बुडालेली. डिझेलने धुवावी म्हणून मी वाटीचा आतला भाग जरा जास्त तिरका केला. गोळ्या टपाटप पडल्या आणि सर्व दिशांना समान संधी देत घरंगळल्या. पाच सापडल्या. सहावी बी विंगमधल्या एका मुलाकडे होती आणि त्याने तिच्यावर तोपर्यंत तीन गोट्या जिंकल्या होत्या. ती परत मिळवायला मला एक चॉकलेट, एक पतंग आणि "पुढची गोळी पडली तर माझी" हे कलम मान्य करावं लागलं.

गोळ्या जागी बसवल्या. कुठली कुठल्या खाचेतली, हा प्रश्न मी विचारला नाही, त्यामुळे उत्तरही चुकलं नाही. ग्रीस भरलं, जॉइंट दांड्यावर ठेवला, लाकडाचा तुकडा धरून हातोडा मारला. सर्कलिप आत बसल्याचा जो 'टक्' असा आवाज आला, तो मला आजवर मिळालेल्या कुठल्याही शाबासकीपेक्षा गोड वाटला. वॉचमनने टाळी दिली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बायको चहा घेऊन आली आणि वर्तमानपत्रावर उरलेल्या सामानाकडे बघून म्हणाली, "अहो, हे रबर कुठे बसतं?"

बूट दांड्यावर आधी सरकवायचा असतो. जॉइंट नंतर.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पांढऱ्या खडूने लिहिणारी माझी नखं काळीकुट्ट होती. मॉलिब्डेनमचं ग्रीस साबणाला दाद देत नाही. शेवटच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, पार्टटाइम?"

शेवटी गॅरेजवाल्याला फोन केला. त्याचा मिस्त्री पार्किंगमध्येच आला. त्याने सगळ्या सामानाकडे एकदा पाहिलं आणि काही बोलला नाही. पितळी तुकडा लावून एक ठोका मारला, जॉइंट हातात. गोळ्या बोटावर फिरवून उजेडाला धरल्या. त्यांना बारीक खड्डे पडले होते.

"सर, आवाज कधीपासून येत होता?"

"थोडे दिवस."

"नुसतं ग्रीस उडतंय, आवाज नाही, तर बूट बदलायचा. आवाज आला म्हणजे माती आत जाऊन बसली. मग जॉइंटच घ्यायचा. नवीन बूट त्याच्या खोक्यातच येतो."

म्हणजे मी ज्याच्यासाठी एवढा राबलो, त्या बुटाची गरजच नव्हती. मिस्त्रीने नवा जॉइंट बसवला, बूट आधी घालून. गिअर ऑइल भरलं. मी मधल्या वेळात त्याला झेप्पाची गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकली आणि मजुरी सतराशे सांगितली. तीनशे उघडलेली गाडी घेतल्याचे की झेप्पाचे, ते विचारायचं धाडस झालं नाही.

तेव्हापासून सोसायटीत माझा दर्जा बदलला आहे. आपल्याकडे काम नीट करणाऱ्याला मिस्त्री म्हणतात, अर्धवट बिघडवणाऱ्याला तज्ज्ञ. लोक येतात, गाडीतल्या आवाजाचं वर्णन करतात. मी चाकामागे वाकतो, रिमच्या आत बोट फिरवतो, वास घेतो आणि मिस्त्रीच्या आवाजात म्हणतो, "नुसतं ग्रीस आहे की आवाजपण येतो?" समोरचा आदराने गप्प होतो. माझे पाने सगळ्या विंगांमध्ये फिरत असतात.

परवा सेक्रेटरी स्वतः आले. त्यांच्या गाडीतून वळताना कट-कट-कट येतंय म्हणे. "सर, जरा उघडून बघता का?"

मी लिफ्टपाशी लावलेल्या नोटिशीकडे बोट दाखवलं.