मुंडावळ्या बांधून आजार जात नाही

पोरगा पंचविशीचा. कानात आवाज येतात, शेजारचे आपल्यावर पाळत ठेवून आहेत असं वाटतं, रात्ररात्र डोळ्याला डोळा लागत नाही. डॉक्टर स्किझोफ्रेनिया सांगतात. गोळ्या सुरू होतात, हळूहळू तो सावरतो, पुन्हा ताटावर येऊन जेवायला लागतो. नेमके तेव्हाच मामा येतात, आत्या येते, खालच्या मजल्यावरचे काका येतात आणि तेच सांगतात: ‘लग्न लावून द्या. जबाबदारी अंगावर पडली की सुधारेल.’

या सल्ल्याची मला चीड येते. हा आजार बहुतेक वेळा विशीच्या आसपास किंवा तिशीच्या आत सुरू होतो, म्हणजे घरात स्थळं बघायच्या वयातच. म्हणून आईबापांच्या पोटात आधीच गोळा आलेला असतो. त्यांच्या या भीतीवर सल्लागार बोट ठेवतात आणि घरी निघून जातात.

पुढचं सगळं त्या घराला भोगावं लागतं. मुलीकडच्यांना कळू नये म्हणून साखरपुड्याआधी गोळ्या थांबवल्या जातात. घरात आठवडाभर जागरण, पाहुणे, स्पीकर. बायपोलर या दुसऱ्या मानसिक आजारात तर नुसती झोप मोडली तरी उन्मादाचा झटका येऊ शकतो. मग लग्नानंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आजार उलटतो आणि खापर फुटतं नव्या सुनेवर. ‘आमचा मुलगा चांगला होता, हिनेच काहीतरी केलं.’ त्या मुलीचा गुन्हा काय?

आजारी मुलगी असेल तर हाल आणखी वाईट. सासरी जाताना गोळ्या दुसऱ्याच डबीत भरून पर्सच्या तळाशी ठेवायच्या. कोणी विचारलं तर ‘ॲसिडिटीच्या आहेत’ म्हणायचं. बायपोलरमध्ये सर्रास दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक असतं. मूल हवं असेल तर ते औषध दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना सांगून बदलावं लागतं. पण नवऱ्यापासूनच लपवलेली गोळी बदलायला ती कोणाला बरोबर घेऊन जाणार? बाळंतपणानंतरचे आठवडे तर या आजारात सर्वांत जोखमीचे. त्याच आठवड्यांत तिच्याभोवतीच्या एकालाही तिचा आजार ठाऊक नसतो. एक दिवस तिला बॅगेसकट माहेरी आणून सोडतात.

लपवणं कायद्यातही टिकत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १२ नुसार महत्त्वाची गोष्ट दडवून, फसवून संमती घेतली असेल, तर ते लग्न रद्द करून मागता येतं. कोर्टाच्या पायऱ्या तेव्हा आईबापच चढतात. सल्ला देणारे मामा तारखेला येत नाहीत.

आजार असलेल्यांनी लग्न करूच नये, असं माझं मुळीच म्हणणं नाही. करावं, आणि अनेक जण नीट संसार करतात. पण दोघांना आणि दोन्ही घरांना आजाराचं नाव, औषधांचं नाव, आजार उलटण्याआधीची लक्षणं माहीत असली पाहिजेत. ‘दोन रात्री झोप नाही झाली तर डॉक्टरांना फोन करायचा,’ एवढं बायकोला ठाऊक असेल तर पुष्कळ काही वाचतं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ साली आला. त्यात स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाच्या मागे बहीण उभी राहते. तो पाहून आपण हळहळलो, चांगला आहे म्हणालो. पण आपल्याच बिल्डिंगमधल्या अशा बहिणीला कधी म्हणालो का, की या रविवारी मी थांबतो, तू जाऊन ये? ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आणि पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन इथे रुग्णांच्या घरच्यांचे आधारगट चालतात. तिथे कोणीही मुहूर्त सुचवत नाही. नेमकी ओपीडीच्या दिवशी रजा मिळत नाही, मुलगा गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकतो, ‘आमच्यानंतर याचं काय’ या विचाराने झोप येत नाही, अशी बोलणी तिथे होतात. त्या आईला तिथे पोचवून आणणं हे सुद्धा नातेवाइकाचंच काम आहे. मध्यरात्री काही सुचेनासं झालं तर टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तो त्या घरच्यांच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून द्या.

आणि मामा, तुमच्या ओळखी दांडग्या आहेत, त्या स्थळांपेक्षा कामासाठी वापरा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. सरकारी नोकऱ्यांत ज्या गटासाठी एक टक्का जागा राखीव आहेत, त्यात हा आजार येतो. त्यासाठी लागणारं दिव्यांग प्रमाणपत्र काढायला जिल्हा रुग्णालयात खेटे घालावे लागतात. भाच्याबरोबर तिथे तुम्ही जा. नाहीतर तुमच्या त्या मित्राच्या दुकानात, प्रेसमध्ये, गोडाउनवर त्याला दिवसाचे चार तास काम मिळतं का, ते विचारा. मालकाला आजाराचं सांगायचं की नाही, हे आधी भाच्याला विचारून ठरवा.