टाकाऊतून रॉक

रॉक संगीत म्हणजे बंडखोरी, लांब केस आणि व्यवस्थेला लाथ, असं कॉलेजात असताना माझं ठाम मत होतं. पन्नाशी ओलांडल्यावर आता वाटतं, हा सगळा शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाचा प्रताप आहे. त्या तासाला आपण आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून काहीतरी करायचो, घरी आणायचो, आणि दिवाळीच्या साफसफाईत आई ते भंगारवाल्याला द्यायची. इंग्लंडातल्या काही आयांनी ते दिलं नाही. पुढचा इतिहास आपण इअरफोन लावून ऐकतो.

हे ज्ञान मला आमच्या शनिवारच्या बैठकीत झालं. शनिवारी रात्री जेवणं उरकली, ओटा आवरला, की प्रत्येकानं आठवडाभरात आवडलेलं एक रॉक गाणं ऐकवायचं आणि सोबत काहीतरी बारीकसं नवं सांगायचं किंवा करून दाखवायचं, असा रिवाज घरात पडला आहे. तो पाडला भाच्यानं. तो इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडे राहतो, म्हणजे गिटार वाजवतो. नवरा सभासद आहे तो नाइलाजानं, कारण टीव्ही त्याच खोलीत आहे. आणि सासूबाईंनी एके काळी तबल्याच्या परीक्षा दिल्या आहेत. कुठलंही गाणं लागलं की त्यांचा हात मांडीवर आपोआप चालू होतो, मग ते गाणं आवडो न आवडो.

गेल्या शनिवारी भाच्यानं पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ लावलं. १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’मधलं. सुरुवातीलाच गल्ल्याचा खणखणाट, नाण्यांचा खळखळाट, कागद फाडल्याचा आवाज.

“दुकानात जाऊन रेकॉर्ड केलंय का रे?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही आजी, घरीच. रॉजर वॉटर्सची बायको मातीची भांडी करायची. तिच्या मोठ्या वाडग्यात त्यानं नाणी टाकली आणि तो आवाज टेप केला.”

“आणि तिनं दिला वाडगा?”

यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं. त्यानं विषय टेपकडे वळवला. प्रत्येक आवाजाच्या टेपचा तुकडा फूटपट्टीनं मोजून कापायचा, असे सात तुकडे एकमेकांना चिकटवायचे, टोकं जोडून गोल करायचं आणि ते वेटोळं मशीनवर फिरवत ठेवायचं. कॉम्प्युटर नव्हता, कात्री आणि चिकटपट्टी होती. सासूबाईंना यातलं फक्त ‘सात’ ऐकू आलं.

“थांब. पहिल्यापासून लाव.”

मांडीवर हात सुरू झाला. तीं तीं ना, धीं ना, धीं ना. दुसऱ्या आवर्तनाला त्यांची मान हलली. “रूपक आहे हा.”

“सेव्हन फोर म्हणतात त्याला, आजी.”

“म्हणू देत की. मात्रा सातच ना? मग रूपक.”

सॅक्सोफोनवाला सात मात्रांत व्यवस्थित वाजवून गेला, तेव्हा त्यांनी “वा” म्हटलं. मी या घरात आल्यापासून माझ्या स्वयंपाकाला त्यांनी ज्या सुरात “वा” म्हटलं आहे, त्यापेक्षा हा सूर बराच वर होता. मग डेव्हिड गिल्मरची गिटार सुरू झाली आणि त्यांचा हात मांडीवर घसरला. पुन्हा धरला, पुन्हा घसरला.

“हे काय? केरव्यावर आले की! दमले वाटतं.”

ते खरंच चारांत येतात. गिटारवाल्याला मोकळेपणानं वाजवता यावं म्हणून बँडनं तेवढ्यापुरता ताल सरळ करून घेतला होता. भाच्यानं हे कौतुकानं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “अशी सोय आम्ही मागितली असती तर गुरुजींनी हातोडी फेकून मारली असती.” शेवटच्या कडव्याला गाणं सातांत परत आलं, तेव्हा मात्र त्यांनी मोठ्या मनानं सगळ्यांना माफ केलं. आता पिंक फ्लॉइड आमच्या घरात ‘ती रूपकवाली मुलं’ या नावानं ओळखले जातात.

माझी पाळी आली तेव्हा मी क्वीन लावलं, कारण माझा जीव ब्रायन मेच्या गिटारवर. या मुलानं १९६३ मध्ये वडिलांच्या मदतीनं घरातच इलेक्ट्रिक गिटार करायला घेतली. विकत घ्यायला पैसे नव्हते. मान केली ती शेकोटीभोवतीच्या जुनाट लाकडाची, त्यात किड्यांनी केलेली भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. आत मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. स्वर हलवायच्या दांडीच्या टोकाला आईच्या विणायच्या सुईचा तुकडा. पट्ट्यांवरच्या खुणांसाठी आईच्याच शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. हीच गिटार घेऊन तो जगभर स्टेडियमं हलवत हिंडला, आणि मधे वेळ काढून २००७ मध्ये खगोलभौतिकीत पीएचडीही झाला. (नवरा इथे भाच्याकडे रोखून बघत होता.) बरं, वाजवायला प्लेक्ट्रमही नाही, सहा पेन्सचं नाणं.

सासूबाई उठून आत गेल्या आणि बटणांचा डबा घेऊन आल्या. डब्यातून चार आणे काढून भाच्याच्या हातावर ठेवले. “वाजव.” पंचवीस पैसे आपल्याकडे २०११ मध्ये चलनातून गेले, तेव्हापासून ते बिचारं नाणं बेकारच होतं. आवाज जरा किरकिरा आला, पण त्यात काहीतरी होतं खरं. भाच्यानं ते पाकिटात टाकलं. सासूबाईंनी परत मागून घेतलं.

द किंक्सच्या ‘यू रिअली गॉट मी’वर फार वेळ गेला नाही. डेव्ह डेव्हिसनं १९६४ मध्ये आपल्या छोट्या अँप्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडनं फाडला आणि तो फाटका, खरखरीत आवाज जगाला आवडला, एवढं सांगून होईपर्यंत नवरा उठून आमच्या स्पीकरसमोर जाऊन उभा राहिला होता.

आपल्याला यात वाटा नाही असं कुणी समजू नये. क्वीनचाच फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, तिथल्या ‘द हेक्टिक्स’ या पोरांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. लेड झेपेलिनचे पेज आणि प्लँट १९७२ मध्ये मुंबईत आले, आणि इथल्या वादकांना घेऊन स्वतःचीच दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित करून गेले. लेड झेपेलिनचं नाव निघालं, आणि भाच्यानं रविवारी सकाळचा कार्यक्रम जाहीर केला.

‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मधला तो प्रचंड ढोल. जॉन बॉनमचे ड्रम इंग्लंडातल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत जिन्याच्या पायथ्याशी ठेवले आणि माइक वर जिन्यातून लटकवले. बाकी काम त्या जिन्यानं केलं. आमच्या सोसायटीलाही जिना आहे. भाच्यानं तळमजल्यावर पालथं पिंप मांडलं, दुसऱ्या मजल्यावरून त्याचा फोन परकराच्या नाडीला बांधून मी खाली सोडला, आणि त्यानं दोन लाटणी चालवली. आवाज इतका भव्य आला की तळमजल्याची तिन्ही दारं उघडली. एका आजोबांनी लिफ्ट पडली का विचारलं. सेक्रेटरी वरून बनियनवर धावत आले आणि त्यांनी फक्त एकच विचारलं, “तोडफोडीची परवानगी घेतलीत का?” मी नाडी हातात धरून “घेतो” म्हटलं. ध्वनिमुद्रणात हे सगळं आलं आहे, आणि तो सगळ्यात चांगला भाग आहे.

या शनिवारी नवऱ्यानं, कुणी न सांगता, ब्लॅक सॅबथ आणलं. त्याला गाण्यापेक्षा टोनी आयोमीची गोष्ट आवडली होती. बर्मिंगहॅममधला पत्र्याचा कारखाना, सतरा वर्षांचा पोरगा, नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला आणि आता परत जात नाही म्हणाला. आई म्हणाली, जा, काम पुरं करून ये. गेला, आणि मशीनखाली उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा असल्यामुळे गिटारच्या तारा दाबायचा हात तोच.

“आई बरोबरच बोलली हो,” सासूबाई म्हणाल्या. “पण काय वाटलं असेल तिला.”

मग नवऱ्यानं पुढचं सांगितलं. त्या मुलानं भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या टोप्या घडवून बोटांवर चढवल्या, वर जुन्या जाकिटाचं कातडं चिकटवलं. बोटांना झेपाव्यात म्हणून बारीक तारा लावल्या, पुढे त्याही सैल सोडल्या, आणि स्वर खाली उतरला. तो जड, काळाकुट्ट आवाज, ज्याला पुढे सारं जग हेवी मेटल म्हणू लागलं, तो या दुरुस्तीतूनही आला आहे. खोलीत सगळे गप्प. नवऱ्याला इतकं लक्ष देऊन आम्ही लग्नातसुद्धा ऐकलं नव्हतं.

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला.

“ते सगळं ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “पण बाटलीतलं उरलेलं लिक्विड त्यानं कशात काढून ठेवलं?”